अनुभव धागा: जुजुत्सू शिकायचं ठरवलं, पण कुठलं?

घराजवळ चालत जाता येईल असा जपानी जुजुत्सूचा (धरून पाडायच्या-आवळायच्या युद्धकलेचा) वर्ग आहे. बाणेरला ब्राझिलियन जिऊ-जित्सूची (बीजेजे) जिम आहे. नवऱ्याचा मित्र म्हणतो, सरळ जूडोच लाव. वाचन भरपूर झालंय. जिगोरो कानो जुन्या जुजुत्सूच्या तेन्जिन शिन्यो आणि कितो या परंपरांत शिकले आणि १८८२ मध्ये तोक्योत त्यांनी कोदोकान जूडो सुरू केला. त्याच कोदोकानचे मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोचले, त्यांच्याकडून विद्या ग्रेसी घराण्यात गेली. १९९३ च्या पहिल्या यूएफसीत (वेगवेगळ्या शैलींच्या लढवय्यांची अमेरिकेतली स्पर्धा) रॉइस ग्रेसीने आपल्याहून धिप्पाड गड्यांना जमिनीवर नेऊन शरण आणलं, तेव्हापासून जगभर बीजेजेची हवा. घराणी कळली, पण फी कुठे भरायची ते कळेना.

चाळिशी जवळ आलीय, खेळाचा पूर्वानुभव म्हणजे शाळेतला खोखो. सल्ले घरातच पुरेसे मिळतात, इथे अनुभव लिहा. काय निवडलंत, का, आणि सोडलं असेल तर का.

लालमाती

मी कोल्हापूरकडचा, तालमीत वाढलेला. नोकरीसाठी पुण्यात आलो आणि बीजेजे लावलं. पट काढून (पाय धरून) समोरच्याला खाली घ्यायला काही अडचण नव्हती. पण खाली गेलेला गडी निवांत पाठीवर पडून दोन्ही पाय माझ्या कमरेला आवळायचा आणि वर हसायचा! आपल्याकडे पाठ लागली की कुस्ती निकाली. इथे तिथून सुरुवात होते.

उलट बाजू त्याहून वाईट. मी खाली सापडलो की सवयीने पालथा व्हायचो. मातीत पालथं पडून अंग चोरणं हा बचाव आहे, इथे तोच घात. मागून गळ्यात हात पडलाच समजा. पाठीवर पडून लढायचं हे अंगात मुरायला फार वेळ लागला. सुट्टीत गावी गेलो तर वस्ताद म्हणाले, "चीत व्हायला पैसे भरतोस होय रे?"

स्पर्धेतले गुण पाहिलेत तर खेळाचा स्वभाव कळतो. खाली पाडायचे २, समोरच्याच्या पायांचा विळखा ओलांडून बाजूला आलात तर ३, छाताडावर बसलात किंवा पाठीवर ताबा घेतलात तर ४. पाडण्यापेक्षा पाडल्यावर काय करता याची किंमत जास्त.

मी पुढे नो-गीत गेलो, म्हणजे गी (जाड कापडाचा पोशाख) न घालता खेळायच्या प्रकारात. लंगोटावर लढलेल्याला कुणी कॉलर आणि बाही धरून ओढलं की डोकंच फिरतं. जूडोही पाहून आलो होतो, पण तिथे २०१० पासून पायाला हात घालणं टप्प्याटप्प्याने बंद केलंय. पटच काढायचा नाही तर आमच्यासारख्याने करायचं काय?

नेकारकाठी

मी श्टुटगार्टजवळ राहते. इथे गावोगावच्या क्रीडा क्लबांत जु-जुत्सू शिकवतात, पण ते तुमच्या यादीतल्या कशातच बसत नाही. जर्मनांनी पोलिसांच्या गरजा डोळ्यांपुढे ठेवून जूडो, कराटे आणि आयकिडोतून ते बांधलं, १९६९ मध्ये. ठोसा आला तर, मनगट धरलं तर, मागून मिठी घातली तर, असं प्रसंगाप्रसंगाने शिकवतात. वर्गात शिक्षिका आहेत, एक पोलीस आहे, एक निवृत्त आजोबा आहेत. फी किरकोळ, वातावरण घरगुती.

सगळ्यात उपयोगी पडलं ते पडायला शिकणं. गेल्या हिवाळ्यात बर्फावरून पाय सटकला, तर हनुवटी आपोआप छातीला लागली आणि हाताने जमिनीवर थाप मारली. कंबर वाचली.

उणी बाजूही सांगते. जोडीदार फार गुणी असतो, तुम्ही डाव टाकलात की बिचारा पडतो. एकदा बीजेजेच्या ओपन मॅटला (मोकळ्या सरावाला) गेले तर कॉलेजातल्या एका पांढऱ्या पट्ट्याच्या, म्हणजे नवख्या मुलीने मला गुंडाळून ठेवलं. तरी मी क्लब सोडला नाही. त्या जिममध्ये ठोसा हा विषयच नव्हता, आणि मी शिकायला लागले ते ठोशाच्या भीतीनेच.

खडीसाखर

पडायला शिकण्याला +१. बाकी वाचतोय.

अस्थिरोग

पेशाने हाडांचा डॉक्टर, संध्याकाळी बीजेजे. चाळिशीजवळ सुरुवात करणाऱ्यांनी शैलीच्या नावाआधी दोन गोष्टी विचारा.

एक, नवख्यांना हील हुक लावू देतात का? टाच पकडून पाय पिळला की सगळा पीळ गुडघ्यात जातो, आणि दुखायला लागेपर्यंत लिगामेंट गेलेलं असू शकतं. आर्मबारमध्ये (हात ताणून कोपर उलटं वाकवायचा डाव) निदान कोपर आधी ओरडतं. आयबीजेजेएफ या आंतरराष्ट्रीय बीजेजे संघटनेच्या स्पर्धांत गीमध्ये हील हुकला मनाईच आहे. नो-गीत २०२१ पासून परवानगी आली, तीसुद्धा प्रौढ गटातल्या ब्राउन आणि ब्लॅक या वरच्या बेल्टनाच. पहिल्याच महिन्यात तो डाव शिकवून कुणी फुशारकी मारत असेल तर चप्पल घाला आणि निघा.

दुसरं, मॅट रोज पुसतात का? आपल्या दमट हवेत नायटा फार लवकर पसरतो. माझ्याकडे या खेळाचे जेवढे लोक खांदा दाखवायला येतात, जवळपास तेवढेच जाता जाता बाही वर करून "डॉक्टर, हे काय असेल हो?" विचारतात.

जूडो वाईट नाही, पण चाळिशीत रोज उंचावरून आदळणं खांद्यांना झेपेलच असं नाही. गीमध्ये कापडाच्या घर्षणाने खेळ संथ होतो, विचार करायला वेळ मिळतो. बोटांचे सांधे मात्र कुरकुरतात.

अंधेरी_लोकल

मूळ प्रश्न बाईचा आहे, म्हणून बाईचा अनुभव. पहिल्या आठवड्यात एक अनोळखी पुरुष छातीवर बसणार आणि मी खालून सुटायचं, हे कागदावर वाचणं वेगळं आणि घामट मॅटवर वेगळं. मला रडू आलं नव्हतं, राग आला होता, आणि रागाने श्वास कोंडून मी अर्ध्या मिनिटात संपले.

म्हणून आधी फक्त बायकांची बॅच पाहिली. तिथे मोकळं वाटलं, पण चारच जणी, त्यातल्या दोघी पावसात येत नसत. सारखी तीच जोडीदार मिळाली की तिच्या खोडी पाठ होतात, खेळ सुधारत नाही. मग मिश्र वर्गात गेले. तिथे एक नियम मला फार आवडला: नवी माणसं जोडीदार स्वतः निवडतात आणि "तुझ्यासोबत नको" म्हटलं तर कुणी कारण विचारत नाही. दोनदा थाप मारली की समोरचा त्या क्षणी सोडतो. ऐंशी किलोच्या माणसाने माझ्या दोन थापांवर हात काढून घेणं, हे मुंबईत वाढलेल्या मुलीला नवीन होतं.

घराजवळच्या जपानी वर्गात जरूर जा, पण एक तास नुसतं बसून बघा. विरोध करणाऱ्या माणसावर डाव चालवतात का? नसतील तर तो व्यायाम आहे. चांगला व्यायाम आहे, पण तेवढंच.

तोक्योकर

वरच्या शेवटच्या वाक्याला थोडा आक्षेप. ताकेनोउची र्यू ही जुजुत्सूची परंपरा १५३२ पासून चालत आलीय. मी इथे अशाच एका जुन्या परंपरेच्या दोजोत (सरावाच्या जागी) जातो. त्यात मोकळी झटापट नसते, ठरलेले काता (हालचालींचे क्रम) असतात: गुडघ्यावर बसलेल्याने आखूड तलवार उपसणाऱ्याचं मनगट कसं अडवायचं, वगैरे. रस्त्यावर याचा उपयोग शून्य, आणि आमचे गुरुजीही तसा दावा करत नाहीत. मी जातो कारण मला ते सुंदर वाटतं. पण जपानबाहेर "जपानी जुजुत्सू" अशी पाटी असलेले वर्ग बहुधा अशा जुन्या परंपरेचे नसतात, कुणीतरी अलीकडे केलेलं मिश्रण असतं. कुणाकडून शिकलात, हे सरळ विचारा.

मांडवीकाठ

पणजीहून. जून ते सप्टेंबर गी वाळत नाही. दोन घेतल्या तरी वाळत नाहीत. नो-गी, रॅशगार्ड (अंगाला घट्ट बसणारा पातळ सदरा), विषय संपला.

शाळेचीबस

माझा प्रश्न मुलाचा आहे, वय दहा. आमच्याकडच्या वर्गात स्पोर्ट जु-जित्सू आहे. त्यात फायटिंग (ठोसे-लाथांसह लढत), ड्युओ (जोडीने डाव करून दाखवणं) आणि ने-वाझा (जमिनीवरची झटापट) असे प्रकार. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत हा खेळ पहिल्यांदा आला म्हणून पालक खूश आहेत. पण दर दोन महिन्यांनी कुठली तरी "राष्ट्रीय" स्पर्धा, तिची फी, आणि सगळ्यांनाच पदक. मुलगा मात्र आनंदात आहे.

लालमाती

@शाळेचीबस, पदकांचं सोडा ताई. बीजेजेतही सोळाच्या आत ब्लू बेल्ट (मोठ्यांचा पांढऱ्यानंतरचा पट्टा) मिळत नाही, पोरांचे पट्टे करडा, पिवळा, नारिंगी, हिरवा असे वेगळेच असतात. घाई कशाला? तोवर पोराला तालमीत घाला. जोर-बैठका, पट, तोल, सगळं तिथेच होईल, पुढे कुठल्याही शैलीत चालेल.

शाळेचीबस

तालीम चालेल हो दादा, पण पहाटे साडेचारला त्याला उठवायला तुम्ही येणार का?