सिडनीत टोल परत मिळतो, आपल्याकडे काय? (गोव्यातल्या पर्वरीच्या एका सोसायटी ग्रुपवरून)

ए-204 काका: नमस्कार मंडळी. आमची लेक सिडनीला असते, तिला म्हणे टोलचे पैसे सरकारकडून परत खात्यात येतात. इथे आम्ही पुण्याला जाऊन आलो की फास्टॅगचे मेसेज मोजत बसतो. आपल्याकडे अशी काय स्कीम आहे का हो?

बी-301: काका, सरकार आणि पैसे परत?? 😂

ए-204 काका: अरे थट्टा नाही. न्यू साउथ वेल्स, म्हणजे सिडनी ज्या राज्यात आहे, तिथल्या सरकारने 2024 च्या जानेवारीपासून आठवड्याला 60 डॉलरची मर्यादा घातली, त्याच्यावर गेलेला टोल परत, आठवड्याला जास्तीत जास्त 340. म्हणजे समजा आठवड्यात 78 गेले तर 18 परत.

सी-102 वहिनी: आपोआप येतात काका?

ए-204 काका: छे. सर्व्हिस एनएसडब्ल्यू म्हणून तिथली सरकारी ऑनलाइन सेवा आहे, तिच्या अकाउंटला टोलचं अकाउंट जोडायचं आणि तीन महिने संपले की क्लेम करायचा. गाडी तिथेच रजिस्टर झालेली आणि स्वतःच्या वापराची पाहिजे, ऑफिसकडून टोलचं बिल वसूल केलं असेल तर तो टोल यात धरत नाहीत. जावई क्लेम करायचं विसरतो, लेक करते, असं एकंदरीत आहे.

सी-102 वहिनी: म्हणजे आधी भरा मग मागत बसा. तरी बरंय, मागितल्यावर मिळतंय तरी.

सी-404: काका आपल्याकडे रिफंड नाही पण फास्टॅगचा वार्षिक पास आहे, मी घेतलाय म्हणून सांगतो. 15 ऑगस्ट 2025 ला सुरू झाला तेव्हा 3000 रुपये होता, आता घेताना ॲपवर दिसेल तो आकडा बघा. एक वर्ष किंवा 200 ट्रिपा, जे आधी संपेल ते. आणि ट्रिप म्हणजे पर्वरी ते पुणे नव्हे हां, एक नाका ओलांडला की एक ट्रिप. आपण चोर्ला घाटातून बेळगाव धरलं की पुढे हत्तरगी, कोगनोळी, किणी, तासवडे, आणेवाडी, खेड शिवापूर, म्हणजे जाताना सहा आणि येताना सहा. 200 ला 12 ने भागा, सोळा वेळा पुणे करून याल तरी थोड्या उरतील. 3000 च्या हिशेबाने नाक्याला 15 रुपये पडले, तुमच्या मेसेजमध्ये एकेका नाक्याला किती गेलेत ते बघा म्हणजे कळेल.

बी-301: पण वर्षातून एकदाच चवथीनंतर पुण्याला जाणाऱ्याने कशाला घ्यायचा? 12 नाक्यांसाठी 3000?

सी-404: बरोबर, त्याने घेऊच नये, पैसे परत मिळत नाहीत. आणि पर्वरी-मडगाव रोज करणाऱ्यालाही काय उपयोग, वाटेत टोलच नाही. महिन्याला कोल्हापूर-पुणे करणाऱ्याचा सौदा आहे हा.

डी-003: मुंबईला चालतो का? एक्स्प्रेसवेला?

सी-404: नाही!! मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे राज्याचा, तिथे नेहमीसारखे टॅगमधले पैसे कटणार. मुंबईचा अटल सेतू, समृद्धी पण तसंच. फक्त नॅशनल हायवे आणि नॅशनल एक्स्प्रेसवे. त्यामुळे पास असला तरी टॅगमध्ये बॅलन्स ठेवा, नाहीतर लोणावळ्याच्या अलीकडे हॉर्न खात उभे राहाल.

डी-003: आमच्या रेंट अ कॅबच्या दोन गाड्या आहेत, त्यांना?

सी-404: काळी पाटी पिवळे आकडे ना, मग विसरा. खाजगी कार, जीप, व्हॅनच. एका गाडीचा पास दुसऱ्या गाडीला लागत नाही.

बी-301: आणि पांढऱ्या पाटीवर टुरिस्ट फिरवणाऱ्यांनी तर त्या वाटेलाही जाऊ नये, कुणाचं नाव घेत नाही 😄

सेक्रेटरी: विषयावर राहा प्लीज.

सी-102 वहिनी: आमचे दीर गेल्या वर्षी गणपतीला मुंबईहून कोकणात आले तेव्हा टोल माफ होता, ते काय होतं?

सी-404: ते महाराष्ट्राचं वहिनी, 2025 ला 23 ऑगस्ट ते 8 सप्टेंबर. आरटीओ, ट्रॅफिक पोलीस किंवा पोलीस स्टेशनमधून गाडीचा नंबर घातलेला पास घ्यायचा. दरवर्षी त्यांचा आदेश निघाला की बघायचं, आधीपासून धरून चालू नये.

बी-105: टोल रिफंडसाठी खालील फाइल इन्स्टॉल करा, 2 मिनिटांत पैसे खात्यात. (फॉरवर्ड)

सेक्रेटरी: डिलीट केलंय. असली एपीके फाइल कुणी उघडू नका, उघडली असेल तर आधी नेट बंद करून बँकेला फोन करा. बी-105, कृपया न वाचता फॉरवर्ड नको.

सी-404: पास फक्त राजमार्गयात्रा ॲप किंवा एनएचएआय, म्हणजे नॅशनल हायवेवाल्या सरकारी प्राधिकरणाच्या वेबसाइटवरून. फास्टॅगवर गाडीचा नंबर असायला हवा, नवीन गाडी घेताना चेसिस नंबरवर टॅग दिलेला असेल तर आधी टॅगवाल्या बँकेकडे तो अपडेट करून घ्या, आमचं तिथेच अडलं होतं. टॅगमध्ये आधीच भरलेले पैसे पाससाठी वापरता येत नाहीत, वेगळं पेमेंट. चुकून जास्त कटले तर 1033 ला फोन.

ए-204 काका: वा, हे कामाचं. आमचा टॅग शोरूमवाल्याने लावलेला, नंबर घातलाय की चेसिस, काय की.

सी-404: संध्याकाळी आरसी घेऊन पार्किंगमध्ये या, बघू. आणि आधी ठरवा, वर्षात पुण्याला किती वेळा जाणार आहात ते, काकींना विचारून.

ए-204 काका: ती म्हणते नातवाच्या बारशाला एकदा, बाकी व्हिडिओ कॉल. मग नकोच म्हणा पास. टॅगचं तेवढं बघून द्या.