ठाणे-नवी मुंबईचे प्रवासी मोजायचे कसे? घरोघरी जा, दुसरा इलाज नाही

घोडबंदरकर
ठाण्याच्या २९ किलोमीटरच्या वर्तुळाकार मेट्रोला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. अशा प्रकल्पांत रोजचे अमुक लाख प्रवासी हा आकडा सगळे वाचतात, तो कुठून आला हे कुणी विचारत नाही. अंदाज काढायची पद्धत, म्हणजे मॉडेल, साधारण चार पायऱ्यांची: कुठल्या भागातून किती प्रवास निघतात, कुठे जातात, कशाने जातात, कुठल्या मार्गाने जातात. पहिल्याच पायरीला लोकसंख्या लागते आणि आपली शेवटची जनगणना २०११ ची. तेव्हा ठाणे मनपा हद्दीत १८.४ लाख लोक होते. त्यानंतर कोलशेत, कासारवडवलीला काय झालं ते खिडकीतून दिसतंच. शिवाय कसं जाता हे जनगणनेने विचारलं ते कामावर जाणाऱ्यांना. कॉलेजची पोरं त्यात नाहीत. मुलाला शाळेत सोडून, बँक करून, भाजी घेऊन परतणारी बाईसुद्धा नाही. म्हणून म्हणतो, पुढचा उड्डाणपूल आखण्याआधी घरोघरी सर्वेक्षण करा आणि त्यात पायी चालणं, शेअर रिक्षा सगळं लिहून घ्या.

आकडेमोड
याच क्षेत्रात काम करतो म्हणून सांगतो. मोठ्या संकुलात वॉचमन सर्वेक्षकाला गेटच्या आत घेत नाही. मग फॉर्म भरले जातात चाळीत आणि जुन्या बिल्डिंगमध्ये, गाडीवाले नमुन्यातून गळतात. जे भेटतात ते कालचा दिवस आठवून सांगतात, त्यात कोपऱ्यावरून दूध आणलेलं कधीच येत नाही. त्यापेक्षा मोबाइल टॉवर, तिकिटं, फास्टॅग यांचा डेटा घ्या. रोजचा आणि ताजा.

ऐरोली सेक्टर आठ
कुठला फास्टॅग? ऑक्टोबर २०२४ पासून ऐरोली, वाशी, मुलुंड नाक्यांवर मोटारींना टोल माफ आहे. टोल गेला, त्याबरोबर मोटारींची आपसूक होणारी नोंदही गेली. (टोलमाफीचे पेढे वाटताना हे कुणाच्या डोक्यात असेल असं वाटत नाही.) आणि मोबाइलचं म्हणाल तर ठाणे-बेलापूर रस्ता आणि ठाण्याहून नवी मुंबईला जाणारी ट्रान्स हार्बर लोकल शेजारी शेजारी धावतात. रबाळ्याच्या टॉवरला कसं कळणार मी लोकलमध्ये आहे की कंपनीच्या बसमध्ये? लोकलला फाटकं नाहीत, त्यामुळे पासवाला कधी चढला, कधी उतरला, याचाही पत्ता नाही.

डोंबिवलीचा पासवाला
मला ना मॉडेल हवं ना फॉर्म. कल्याणच्या गाड्या ठाण्याला न नेता थेट नवी मुंबईकडे वळवणारा कळवा-ऐरोली रेल्वे जोडमार्ग द्या. कल्याणकडून येणाऱ्याला ठाण्याला उतरून, पुलावर धक्के खात ट्रान्स हार्बर गाठावी लागते, हे कळायला सर्वेक्षण कशाला? त्याच कामातलं दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, जोडमार्ग पुनर्वसनापाशी अडला.

घोडबंदरकर
गर्दी पुलावर दिसते म्हणून ती तुम्हाला ठाऊक आहे. पण जोडमार्गाने आलेली माणसं कोपरखैरण्याला उतरून महापेला कशी जाणार? स्टेशनबाहेर शेअर रिक्षाला आजच रांग असते. तो शेवटचा तुकडा ना तिकिटात येतो ना टॉवरमध्ये. माणसालाच विचारावं लागतं.

आकडेमोड
मॉडेलला इतकं हिणवू नका. सॅन फ्रान्सिस्कोची बार्ट रेल्वे सुरू होण्याआधी अर्थशास्त्रज्ञ डॅनियल मॅकफॅडन यांनी कामावर जाण्याच्या प्रवासांत तिचा वाटा ६.३ टक्के काढला होता, प्रत्यक्षात ६.२ निघाला. २००० साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

पाम बीचवरून
एका उदाहरणावर किती मिरवाल? मोठ्या प्रकल्पांचे डॅनिश अभ्यासक फ्लुब्यर्ग आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये १४ देशांतले २१० प्रकल्प तपासले. रेल्वे प्रकल्पांत प्रवाशांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा सरासरी दुपटीहून जास्त होता. मला तुम्हा दोघांचंही पटत नाही. डेटा जुना की नवा हा नंतरचा प्रश्न. भाडं किती धरलं, प्रवासात जाणाऱ्या माणसाच्या तासाची किंमत किती रुपये धरली, कुठल्या भागात किती नोकऱ्या येतील असं मानलं, ते आधी उघड करा. बेलापूर-पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी भाडं कमी केलं. भाडं बदललं की अंदाजही बदलायला हवा. नवा अंदाज कुणी पाहिलाय?

डोंबिवलीचा पासवाला
तासाची किंमत काढणाऱ्याला सकाळी ठाण्याच्या पुलावर पाठवा.

आकडेमोड
गृहीतकं उघड करायला माझी ना नाही. पण पुढची जनगणना २०२७ मध्ये, तिचे तक्ते त्यानंतर. तोवर मोबाइल डेटा नको म्हणणाऱ्यांनी २०११ च्या आकड्यांवरून २०४१ च्या ठाण्याचे प्रवासी काढून दाखवावेत.