गावातल्या हुतात्मा जवानाचा नामफलक: दगड, अक्षरं, अनावरण

सह्यकडा: वेशीवर रस्त्याच्या कडेला आमच्या गावच्या हुतात्मा जवानाचं स्मारक बांधायचं आहे. पुतळा करावा की फलक? संगमरवर की ग्रॅनाइट? अनावरणाला फलक तिरंग्याने झाकायचा, असं काहींचं म्हणणं आहे.

पाथरवट: फलकच करा. पुतळ्याला जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, आणि चेहरा जमला नाही तर घरच्यांना तो जन्मभर पाहावा लागतो. दगड काळा ग्रॅनाइट घ्या. उघड्यावरचा संगमरवर पावसाने झिजतो, अक्षरांच्या कडा बोथट होतात. भिंतीवर बसवायला 20 मिमी जाडी पुरते, पण नुसत्या सिमेंटवर विसंबू नका. मागून स्टेनलेस स्टीलच्या पिना द्या. लोखंडी पिना गंजून फुगतात आणि दगड तडकतो.

अक्षरं 3 मिमी तरी खोल हवीत. वरवर कोरून सोनेरी रंग भरला, तर तो उडाल्यावर नाव दिसत नाही. खोल अक्षर रंगाशिवायही सावलीने वाचता येतं. हुद्दा, सेनाक्रमांक, रेजिमेंट, तारीख हे सगळं सैन्याच्या कागदावरूनच घ्या. कोरण्याआधी मजकुराची पूर्ण मापाची छपाई काढून वीरमाता-वीरपत्नींना दाखवा. रफार आणि वेलांट्या नीट तपासा. कोरलेली चूक मिटत नाही, पाटीच बदलावी लागते.

ध्वजवंदन: तिरंग्याने झाकू नका. ध्वजसंहितेप्रमाणे पुतळा किंवा स्मारक झाकायला राष्ट्रध्वज वापरता येत नाही. साधं पांढरं कापड घ्या आणि ध्वज बाजूला मानाच्या जागी, वेगळा लावा. स्मृतिदिनाला गावाने आपल्या मनाने ध्वज अर्ध्यावर उतरवायचा नसतो, ते सरकार ठरवतं. 30 जानेवारीला सकाळी 11 वाजता देशभर दोन मिनिटं मौन असतं, ते फलकापाशी जरूर पाळा.

गावकामगार: रस्त्याची कडा सोडा. सार्वजनिक रस्त्यांवर पुतळे वा बांधकामांना परवानगी देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा 18 जानेवारी 2013 चा आदेश आहे. पुढे रुंदीकरणात फलक हलवायची वेळ येते, ती फार वाईट. ग्रामसभेचा ठराव करून शाळेचं किंवा पंचायतीचं आवार घ्या.

सह्यकडा: आवार मिळेल. रोज दिवा लावला तर चालेल?

पाथरवट: दिव्याला फलकापासून हातभर दूर कोनाडा करा. तेल ग्रॅनाइटमध्येही मुरतं आणि डाग निघत नाही. हार सुतळीत ओवलेला असावा. तारेचा गंज ओघळतो. धुवायला साधं पाणी आणि मऊ फडकं. अ‍ॅसिड अजिबात नको, सांध्यांतलं सिमेंट खातं.

ध्वजवंदन: आणि पहिलं पुष्पचक्र घरच्यांच्या हातचं. पाहुणे कितीही मोठे असोत, त्यांचा क्रम नंतर.