अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला अडवतं कोण?

फोंड्याचा मास्तर: अकरावीला राज्यशास्त्र शिकवतो. पोरं विचारतात, तो सही करून आदेश काढतो, मग काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, कशाला? (‘काँग्रेस’ म्हटलं की अर्धा वर्ग हसतो, ते वेगळंच.) ठोस उदाहरण हवंय.

म्हापशेकर: १९५२ घ्या. कोरियाचं युद्ध चालू, पोलाद कामगारांचा संप तोंडावर. राष्ट्राध्यक्ष ट्रुमननी एप्रिलमध्ये कारखानेच सरकारी ताब्यात घेतले. जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी ते बेकायदा ठरवलं. त्या निकालातलं न्या. जॅक्सन यांचं मत वर्गात वाचाच: काँग्रेस पाठीशी असली तर राष्ट्राध्यक्षाचे अधिकार सर्वांत जास्त, विरोधात असली तर सर्वांत कमी.

मांडवीकाठचा: आपलंही सांगा की मास्तर. २००५ मध्ये गोव्यात राष्ट्रपती राजवट होती. राज्यघटनेच्या कलम ३५६खालची ही घोषणा दोन महिन्यांत संसदेने मंजूर करावी लागते, आणि सुप्रीम कोर्टाच्या १९९४च्या बोम्मई निकालाप्रमाणे कोर्ट ती तपासू शकतं. फक्त आपले राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, तेव्हा दोघांना एकाच मापाने मोजू नका.

फोंड्याचा मास्तर: देव बरें करूं! अमेरिकेचा १९७३चा युद्धाधिकार कायदा (काँग्रेसच्या मंजुरीशिवाय सैन्य लढाईत ठेवण्यावर मर्यादा घालणारा) घेऊ? राष्ट्राध्यक्ष निक्सनचा नकाराधिकार डावलून झालेला.

म्हापशेकर: घ्या. पण तो मनापासून पाळणारा राष्ट्राध्यक्ष कोण, असं पोरांनी विचारलं तर तयारी ठेवा.