मदत हवी आहे: शेडच्या भिंतीला काळी बुरशी, कोणता रंग मारू?

अंबडचा_शेतकरी: शेडच्या भिंतीला बुरशी लागलीय. पुसली की आठवडाभरात परत हजर. पक्का रंग सांगा. लवकर सांगा, माल यायचाय.

औसेकर: अँटीफंगल इमल्शन मारा, बुरशीनाशक मिसळूनच येतं. आमचं स्वयंपाकघर त्यानंच सुधारलं.

परभणी_सिव्हिल: डाग पत्र्याजवळ आहेत की जोत्याजवळ? वर असतील तर पत्र्याला वाफ धरून पाणी ओघळतंय, खाली असतील तर पायातून ओल चढतेय. पांढरं काही असेल तर पाण्याचा थेंब टाका. विरघळलं तर तो लोणा, म्हणजे क्षार, बुरशी नव्हे.

अंबडचा_शेतकरी: काळीच आहे. रॅकच्या मागं. बोटाला काजळीसारखी लागते.

बीडचा_तुतीवाला: रॅक? माल म्हणजे रेशीमकिड्यांचे अंडीपुंज का?

अंबडचा_शेतकरी: हो, चॉकीचं शेड, कोवळ्या अळ्या वाढवायचं. त्यानं काय फरक पडतो?

बीडचा_तुतीवाला: लई फरक पडतो भाऊ! चॉकीला 80-85 टक्के आर्द्रता लागतेच, भिंत कोरडी राहणारच नाही. आणि विषारी रंग नको, अळी म्हणजे किडाच. बोरिक ॲसिड तर मुळीच नको, झुरळं मारायला तेच वापरतात. चुना मारा. ताज्या चुन्याचा पीएच 12 च्या आसपास, त्यावर बुरशी धरत नाही. रॅक भिंतीपासून हातभर सरकवा, पाला चिकटू देऊ नका.

औसेकर: चुना हाताला लागतो, उडतो. खरबरीत भिंतीत बुरशी उलट दडून बसते.

परभणी_सिव्हिल: दोघांचंही बरोबर आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड लागून चुन्याचा जोर उतरतो, म्हणून पुन्हा पुन्हा हात द्यावा लागतो. आधी गिलावा घोटून गुळगुळीत करा. टायटॅनियम डायऑक्साइडचे नवे लेप अतिनील उजेडावर चालतात, अंधाऱ्या शेडात पैसे घालू नका.

वेरूळप्रेमी: वेरूळच्या लेण्यांत मातीच्या गिलाव्यात भांगेचे तंतू सापडलेत. 2016 मध्ये शोधनिबंध आला होता. त्यानं किडे लांब राहिले, असं संशोधकांचं म्हणणं.

बीडचा_तुतीवाला: इथं किडेच जगवायचेत, दादा.

अंबडचा_शेतकरी: मागच्या बॅचला काही अळ्या कडक होऊन खडूसारख्या पांढऱ्या पडल्या. त्या याच बुरशीनं का?

बीडचा_तुतीवाला: हे आधी सांगायचं! ते मस्कार्डिन, अळीचा बुरशीजन्य रोग, भिंतीवरची बुरशी वेगळी. भिंतीच्या रंगानं ते थांबत नाही. मेलेली अळी पांढरी पडायच्या आत उचला, नंतर तिच्या अंगावरून बीजाणू उडतात. चुना टाकून खोल पुरा. अंडीपुंज आणण्याआधी 100 लिटर पाण्यात 2 किलो ब्लीचिंग पावडर आणि 300 ग्रॅम चुना कालवून भिंती, रॅक, जमीन सगळं भिजवा. अंडीपुंज कधी येणार?