मानधन आणि मान

मानधन वाढले की अंगणवाडी सेविकांना मान आपोआप मिळेल, हे मत मला अर्धेच पटते. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनीस यांना १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याखाली ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी संपताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेचा, हक्क असल्याचा निकाल दिला आणि त्या कायद्यापुरते त्यांचे मानधन हे वेतनच ठरते असेही स्पष्ट केले, याचा उल्लेख इथे व्हायला हवा.

माझी मावशी बावीस वर्षे सेविका होती. चिंचोक्यांच्या राशी करताना तिसऱ्या राशीपाशी अडखळलेल्या मुलाला मदतीचे बोटही न लावता ती शेजारी बसून राहायची आणि त्याने स्वतः मोजणी पूर्ण केली की तेवढेच वहीत टिपून ठेवायची. हे शिक्षिकेचेच कसब आहे. तरीही गावाने तिला ‘खिचडीवाल्या बाई’ एवढेच ओळखले, याची खंत तिला निवृत्तीच्या दिवशीही होती.