शस्त्रं नव्हती, तरी युद्ध बरोबर?

काही जण म्हणतात की इराकमध्ये महासंहारक शस्त्रं (अणु, जैविक, रासायनिक) नाही सापडली पण तिथला हुकूमशहा सद्दाम तर गेला ना, म्हणजे अमेरिकेचं २००३ चं इराक युद्ध योग्यच. मला हे अजिबात पटत नाही. सद्दाम क्रूर होता यात वादच नाही, १९८८ मध्ये इराकमधल्याच हलब्जा गावात कुर्दांवर विषारी गॅस सोडून हजारो माणसं मारली त्याने, पण तेव्हा कुणी सैन्य पाठवलं नव्हतं आणि १५ वर्षांनी युद्धाचं मुख्य कारण दिलं ते शस्त्रांचं.

आणि अमेरिकेची शस्त्रांबद्दलची माहिती 'चुकली' म्हणून सोडून द्यायचं का? इराककडे ट्रकवर फिरत्या जैविक शस्त्रांच्या लॅब आहेत ही गोष्ट मुख्यतः एका इराकी निर्वासिताच्या तोंडची, तो जर्मन गुप्तचरांकडे, अमेरिकनांनी युद्धाआधी त्याची स्वतः चौकशीही केली नव्हती, तरी ५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री पॉवेलनी सुरक्षा परिषदेत त्या ट्रकची चित्रं दाखवली! इराकने मागवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या अणुबाँबसाठी आहेत म्हणाले तर त्यांच्याच ऊर्जा खात्याचे तज्ज्ञ सांगत होते की या रॉकेटच्या वाटतात. इराक नायजरकडून युरेनियम घेतोय असं दाखवणारे कागद बनावट आहेत हे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख अल बरादेईंनी ७ मार्चला जाहीर सांगितलं, म्हणजे युद्धानंतर नाही, आधी.

संयुक्त राष्ट्रांच्या शस्त्र-निरीक्षकांचे प्रमुख ब्लिक्स तर अजून काही महिनेच मागत होते, त्यांचे निरीक्षक इराकमध्ये जागा तपासतच होते, आणि ७ मार्चपासून दोन आठवड्यांच्या आत बगदादवर बाँब पडले. पुढे लाखाहून जास्त साधी माणसं मेली. ते काही महिने थांबायला काय हरकत होती, हे युद्धाचं समर्थन करणाऱ्यांनी आधी सांगावं.